हाडापर्यंत नेणारं तेल

जगरानाच्या हाताला गुण आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. ज्येष्ठ लागला, पिपरमेंटच्या कापणीला सुरुवात झाली, की दिवस मावळायच्या आत तिच्या ओसरीवर उघड्या पाठींची रांग लागे. दिवसभर ओणवं होऊन कापणारे, भारे वाहणारे, लालतापरसादच्या तेल काढायच्या टाकीत उतरून पाला तुडवणारे, सगळे यायचे. जगराना मोहरीच्या तेलात पिपरमेंटचं तेल घालायची, दुखण्याच्या पांढऱ्या गोळ्या वाटून त्यात मिसळायची आणि मणक्याच्या कडेकडेने अंगठा असा रेटायची की धट्टाकट्टा गडीसुद्धा आई आठवून कण्हायचा.

"गोळी पोटात घातली तर पोट जाळते," ती सांगायची. "पाठीत घाला. नुसती लावली तर वरच बसेल, कातडं काय तिला दार उघडतंय? पिपरमेंट तिला हाताला धरून आत नेतं. थेट हाडापर्यंत."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घागरा नदीच्या या काठाला पिपरमेंटचं पीक आलं तेव्हा ती नवी नवरी होती. टाकीवर राबता राबता तिचं तिनेच ताडलं होतं, की तेलाच्या हाताने तंबाखू मळली तर न खाताच गरगरतं, आणि तेलाच्या अंगावर मलम लावलं तर दुप्पट लागू पडतं. चाळीस वर्षांत तिच्या हाताखालून गेली नाही अशी पाठ गावात उरली नव्हती, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

त्या संध्याकाळी तिच्यापुढे पालथा पडला होता तिचा स्वतःचा लेक, शिवबरन. रांगेत मागे चार-पाच माणसं बसली होती. सुनेने, कुसमाने, भाकरी थापता थापता त्या सगळ्यांच्या देखत तोंड सोडलं.

"दोन दिवस आपला माल कापून टाकीपाशी पडलाय. उन्हात तेल उडून चाललंय त्यातलं. वर ढग यायला लागले. आणि तुम्ही लालताचाचांना रामराम करून हात हलवत परत आलात?"

"उद्या नंबर लावतो म्हणालेत," शिवबरन चटईत तोंड खुपसून म्हणाला.

"काल काय म्हणाले होते?"

शिवबरनने तोंड आणखी आत खुपसलं.

"त्यांच्या मेव्हण्याचा माल आज सकाळी आला आणि दुपारी टाकीत गेलासुद्धा. असं ज्याच्या त्याच्यापुढे मान खाली घालून जगण्यापेक्षा ती औषधाची बाटली तोंडाला लावा एकदाची! तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

रांगेतलं कुणीतरी फिदकन हसलं. जगरानाचा अंगठा मध्येच थांबला. कानामागून आली आणि तिखट झाली, ती मनात म्हणाली. औषधाची बाटली तिथेच, कोनाड्यात होती. धाकट्या तुकड्यातलं पिपरमेंट अजून उभं होतं, त्याची पानं अळी गुंडाळून खात होती, आणि पाऊस यायच्या आत फवारणी उरकायची होती.

"दुलहिन, जिभेला हाड नाही म्हणून काहीही बोलायचं नसतं," जगराना म्हणाली.

"जिभेला नाही, अम्मा. तुमच्या लेकाला नाही," कुसमा म्हणाली आणि तव्यावर भाकरी आपटली.

सकाळी तांबडं फुटायच्या आधी शिवबरन उठला तो कमरेवर हात ठेवूनच. जगरानाने त्याला पुन्हा पालथा घातला. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा तर पाठ मोकळी हवी, म्हणून तिने नेहमीपेक्षा अंमळ जास्तच तेल जिरवलं. पार कमरेपासून मानेपर्यंत. शिवबरनने अंगात जुना सदरा चढवला, तोंडाला गमछा बांधला, आठ पंपांचं औषध झाकणाने मोजून घेतलं आणि तो शेतावर गेला. पंपाचं बूड एका बाजूने झिरपत होतं. गेल्या साली त्याने तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती उन्हाने कडक होऊन चिरली होती. हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. अख्ख्या गावात न झिरपणारा पंप नव्हताच म्हणा.

नऊ वाजता तो परत आला. चालण्यात फरक होता. सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि हात लावला तर अंग गार.

"ऊन बाधलं," जगराना म्हणाली. "बस इथं. गूळ-पाणी घे."

त्याने गूळ, मूठभर चणे आणि पाणी घेतलं. मळमळतंय म्हणाला. कसंतरीच होतंय म्हणाला. आता इथे माणसाने काय करावं? दुसऱ्या गावच्या बाईने डोक्यावर पाणी ओतलं असतं. पण जगरानाच्या गावात पोट दुखलं, डोकं दुखलं, विंचू चावला, नवऱ्याशी भांडण झालं, तरी उपाय एकच. गार पडलेल्या अंगाला पाणी लावायचं नाही, पिपरमेंट लावायचं. तिने त्याचा ओला सदरा काढला, त्याच सदऱ्याने पाठ वरवर टिपली आणि तेलाची वाटी पुढे ओढली. चांगला अर्धा तास ती रगडत होती. घाम तिलाही आला. तो तिने मनगटाने डोळ्यांवरून पुसला.

पाठ रगडून झाली आणि शिवबरनच्या तोंडातून लाळ सुटली.

आधी थोडी, मग धारच. दंडाचे स्नायू आपोआप उडायला लागले. त्याने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण जीभ वळेना. जगरानाने किंकाळी फोडली तशी टाकीवरची माणसं धावत आली. पुढे लालतापरसाद.

त्याने एकदा शिवबरनकडे पाहिलं, एकदा कोनाड्यातल्या बाटलीकडे. बाटली निम्म्याच्या खाली होती.

"प्यालाय," तो म्हणाला. "माझ्या चुलतभावाचं असंच झालं होतं. अशीच लाळ."

"काल बोलणी झाली म्हणे घरात," मागून एक बाई म्हणाली. ती कालच्या रांगेतलीच होती.

जगराना वळली. कुसमा गोठ्यातून शेणाच्या हातांनी धावत आली होती आणि उंबऱ्यात थिजून उभी होती. जगरानाच्या भीतीला बाहेर पडायला वाट हवी होती. ती वाट तिला समोर दिसली.

"हिनं!" ती ओरडली. "हिनं मारलं माझ्या लेकाला! काल अख्ख्या ओसरीसमोर सांगितलं बाटली लाव म्हणून! लावली त्यानं! आता सूट, बये, आता सूट!"

कुसमा हात न धुता आत गेली, कोनाड्यातली बाटली घेऊन पदरात बांधली आणि शिवबरनचे पाय उचलायला वाकली. एवढ्या धांदलीतही जगरानाने एक गोष्ट केली. लेक शहरगावच्या दवाखान्यात उघडा कसा जाईल, म्हणून तिने ट्रंकेतला लग्नकार्याचा पांढरा सदरा काढून त्याच्या तेलकट पाठीवर चढवला. लालताच्या ई-रिक्षात त्याला घातलं तेव्हा बघणाऱ्याला वाटावं, हा पाहुण्याकडे जेवायला निघालाय.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई वयाने कुसमाएवढीच होती. तिने बॅटरी मारून शिवबरनचे डोळे पाहिले, छातीला नळी लावली आणि विचारलं, "किती प्यालाय?"

"हिला विचारा," जगराना म्हणाली.

कुसमाने पदर सोडून बाटली टेबलावर ठेवली. "नाही प्याले हे. आठ पंपांना आठ झाकणं मोजून नेली. पडताळून बघा, तेवढंच कमी झालंय."

"लपवू नका हो. लपवून तुमचाच माणूस जाईल," डॉक्टरीण म्हणाली. "घरी भांडण झालं होतं?"

"झालं होतं," कुसमा म्हणाली. खोटं तिला सुचलंच नाही.

दारातल्या चपराशाने मान हलवली. "रोजचंच आहे मॅडम. बायका बोलतात आणि गडी पितात. चला, दोघी बाहेर व्हा. काय वास मारताय पिपरमेंटचा! डोळे झोंबले माझे."

नाकातून नळी घालून पोट धुतलं. चण्याची टरफलं आणि गुळाचं पाणी निघालं. डॉक्टरीणबाईने भांडं नाकाशी नेलं, पुन्हा नेलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. सुई दिली तशी लाळ थांबली, श्वास मोकळा झाला. दोघी दारातून बघत होत्या. जगरानाने हात जोडले. पण अर्ध्या तासात लाळ परत सुटली, छाती घरघरायला लागली. दुसरी सुई. पुन्हा थोडं बरं. पुन्हा तेच.

"पोटात काही नाही," डॉक्टरीण नर्सला म्हणाली ते दारापर्यंत ऐकू आलं. "मग हे येतंय कुठून? कुठून तरी आत येतच राहिलंय. असंच चाललं तर माझ्या सुया पुरणार नाहीत."

जगराना भिंतीला टेकून खाली बसली. समोरच्या भिंतीवर मोठाल्या अक्षरात काहीतरी रंगवलेलं होतं. वाचता तिला येत नव्हतंच, पण आता अक्षरांच्या रेघाही दिसेनात. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. तोंडात सारखं पाणी येत होतं, ती गिळत होती.

"अम्मा," कुसमा म्हणाली. आळ घेतल्यापासून सासूशी तिचा हा पहिलाच शब्द. "तुमच्या तोंडातून लाळ गळतेय."

"रडतेय मी."

"रडलं की डोळ्यांतून येतं."

जगरानाने हनुवटी पुसायला हात वर केला. अंगठ्याच्या मुळाशी, कातड्याखाली, काहीतरी आपलं आपण फडफडत होतं. तिने दुसऱ्या हाताने अंगठा दाबून धरला. सोडला की पुन्हा फडफड. ती हाताकडे बघत राहिली. ओला सदरा तिला आठवला. घाम म्हणून टिपला होता तो. घाम इतका असतो का? आणि पंपाचं चिरलेलं बूड नेमकं कमरेशी येतं. तेलाच्या हाताने तंबाखू मळली की न खाता गरगरतं, हे चाळीस वर्षं ती लोकांना हसत हसत सांगत होती. पिपरमेंटला काय कळतंय, तंबाखू कुठली, गोळी कुठली आणि अळीचं औषध कुठलं? दारात जो उभा असेल त्याला ते आत नेतं. तिने आधी दार उघडून ठेवलं होतं, आणि मग अर्धा तास बसून, अंगठा रेटून रेटून, विष लेकाच्या अंगात घातलं होतं.

ती गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? गावाने निवाडा केलेला होता. सून तोंडाळ होती, साक्षीदार होते, बाटली होती. एक क्षणभर, खरंच एक क्षणभर, जगरानाच्या मनात हे येऊन गेलं, आणि त्याची लाज तिला पुढे कधी पुसता आली नाही. आतून शिवबरनची घरघर ऐकू आली तशी ती भिंत धरून उठली आणि चपराशाच्या हाताखालून आत घुसली.

"बाई, माझे डोळे बघा."

"आजी, बाहेर थांबा."

"आधी बघा! सकाळपासून घोटभर चहावर आहे मी. मी तर विष प्यायले नाही ना? मग मला का दिसत नाही? माझी लाळ का गळतेय?"

डॉक्टरीणबाईने वैतागून बॅटरी उचलली. उजवा डोळा पाहिला. मग डावा. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. तिचा आवाज एकदम उतरला.

"आजी, तुम्ही कशाला हात लावला होता?"

"लेकाच्या पाठीला," जगराना म्हणाली. "पंप गळत होता. औषध पाठीवरच होतं. मी पुसलं नाही, मी ते जिरवलं. पिपरमेंटचं तेल काल संध्याकाळी लावलं, आज पहाटे लावलं आणि परत आल्यावर त्या औषधावरच रगडलं. माझं तेल आत नेतं, बाई. हाडापर्यंत नेतं. हिनं काही केलं नाही. मी केलं."

मग डॉक्टरीणबाईने शिवबरनचा पांढरा सदरा गळ्यापासून खालपर्यंत टरकावला आणि त्याला कुशीवर वळवलं. पाठ चकाकत होती.

"साबण आणा! कपडे धुवायचा असला तरी चालेल. बादल्या भरा. सगळ्यांनी हातमोजे घाला. आजीला सुई द्या आणि आधी तिचे हात धुवा."

पहिलं पाणी पाठीवरून नुसतं घरंगळून गेलं, थेंब थेंब होऊन. कुसमाने पिवळ्या साबणाची वडी घेतली आणि घासायला लागली. मान, कानांच्या मागे, काखा, कंबर, नखं. पाणी फरशीवरून दारापर्यंत वाहिलं. चपराशी, तोच मघाचा, मुकाट्याने बादल्या आणत होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सहाव्यांदा. शेवटी पाणी कातडीला धरून ओघळायला लागलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "बस." जगरानाला कुणी लेकाजवळ फिरकू दिलं नाही. ती दोन्ही हात पुढे धरून कोपऱ्यात बसून होती. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

उन्हं कलेपर्यंत सुयांमधलं अंतर वाढलं. पण शुद्ध काही आली नाही. "अंगात गेलेलं काढता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "नवीन जायचं तेवढं थांबलंय. उद्यापर्यंत मी काही सांगू शकत नाही."

आणि उद्या म्हटल्यावर जगराना ताठ झाली. काल तिच्या ओसरीवर एकट्या शिवबरनची पाठ नव्हती. आज मळभ होतं, म्हणजे उद्या पहाटे ज्याच्या त्याच्या शेतात पंप निघणार. रांगेतल्या तिघांनी तर बोलताना तसं सांगितलंही होतं.

कुसमाने लालतापरसादला फोन लावला. तो आधी ऐकत राहिला, मग हसला. "म्हातारीचं तेल आणि विष? वा! बाटलीचं काम तेलावर ढकलतेस होय? दे, वहिनीला दे."

जगरानाने फोन घेतला आणि सांगितलं. "वहिनी, सुनेनं पढवलंय तुला. तू घाबरू नकोस, आम्ही आहोत," लालता म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

कुसमाने फोन पदरात बांधला. ती म्हणाली, "पहाटेच्या पहिल्या गाडीनं तुम्ही जा. यांच्याजवळ मी आहे."

"आणि माझ्या माघारी याचं काही झालं तर?"

"झालं तर झालं. तिथं आणखी तीन जणांचं होईल." मग तिचा आवाज बदलला. "आणि अम्मा, आज ज्या गळ्यानं माझं नाव घेतलंत ना, त्याच गळ्यानं सांगा. दबक्या आवाजात नाही. मला उद्या त्याच गावात नांदायचंय."

जगरानाने मान हलवली.

पहाटे ती टाकीपाशी उतरली तेव्हा पूर्वेकडे काळं भरून आलं होतं. टाकीखाली जाळ पेटलेला होता, नळीतून धार लागली होती, आठ-दहा माणसं भोवती होती. हातपंपाशी ननकऊ, परवाच्या रांगेतल्या त्या तिघांपैकी एक, फवारणीच्या पंपात पाणी भरत होता. पंचविशीचा पोरगा, घरात बाळंतीण बायको. त्याच्या मानेवर परवाचं तेल अजून चमकत होतं. ते नुसतं परवाचं नव्हतं. काल जगराना नव्हती म्हणून आज त्याने घरचंच चोपडलं होतं.

"काकी! शिवबरनभाऊ कसा आहे?" म्हणत त्याने पंप खांद्याला लावला.

"खाली ठेव तो."

"अगं, पाऊस यायच्या आत..."

"खाली ठेव म्हणते ना!" तिने पट्टा धरून असा हिसडा दिला की पंप आडवा झाला आणि पांढरं पाणी मातीत सांडलं. ननकऊ चिडून ओरडला. टाकीवरची माणसं वळली. लालतापरसाद पुढे आला, "वहिनी, वहिनी," करत, वेड्या माणसाला समजवावं तशा सुरात.

"तू गप्प बस, लालता," जगराना म्हणाली. आणि मग ती ओरडली, कालच्याच गळ्यानं. "ऐका सगळ्यांनी! माझा लेक विष प्यायला नाही. माझ्या सुनेचा काडीचा दोष नाही. मी काल तिच्यावर खोटा आळ घेतला. विष मी घातलं, या अंगठ्यांनी! पंप गळून पाठीवर उतरलं आणि माझ्या तेलानं ते आत ओढलं. ज्याच्या पाठीला माझं तेल आहे, त्याच्या पाठीला पंप लागणार नाही. ज्याला खोटं वाटतंय त्यानं माझे डोळे बघावेत!"

कालची ती बाई पुढे झाली, जगरानाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिने डोळ्यांत पाहिलं आणि मागे सरली. "बाहुल्याच नाहीत गं," ती पुटपुटली.

"मग पाठी दुखल्या तर आम्ही जायचं कुठं?" कुणीतरी विचारलं.

"दुखू देत," जगराना म्हणाली. "माझ्याकडे येऊ नका."

चाळीस वर्षांचं नाव तिने असं दोन वाक्यांत मातीत टाकलं. तिला रडू आलं नाही, रडायला वेळ नव्हता. तिने ननकऊला दंडाला धरून हातपंपाखाली बसवलं आणि साबण मागितला. दवाखान्यातून आणलेले हातमोजे चढवून ती घासायला लागली. ननकऊ आधी लाजला, मग कळवळला, मग गप्प झाला. त्याच्यामागे एक जण सदरा काढून उकिडवा बसला. त्याच्यामागे आणखी एक. लालतापरसाद थोडा वेळ बघत राहिला आणि मग हातपंपाच्या दांड्याला लागला.

तिसरी पाठ अर्धी झाली होती तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं, आणि फोन जगरानाच्या कानाशी धरला. तिचे हात फेसाने भरलेले होते.

"अम्मा," कुसमा म्हणाली.

जगरानाला विचारायचा धीर होईना. पाण्याची धार थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"डोळे उघडलेत. पाणी मागितलं. मला ओळखलं."

जगराना तिथेच चिखलात बसली. मग कुसमाने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मोठ्यानं?"

"लालताला विचार. तोच फोन धरून उभाय."

लालतापरसादने फोनकडे तोंड नेलं. दोनदा घसा खाकरला. "सांगितलं, सूनबाई," तो म्हणाला. "गावानं ऐकलं."

मग कुसमाचा आवाज आला, नेहमीचाच, फटकळ. "बरं. अम्माला सांगा, मोजे काढताना उलटे करून काढा, आणि हात कोपरापर्यंत धुवा. यांना बघायला यायचंय तर धुतलेल्या हातांनी या म्हणावं."